धाकटीचं पेन

धाकटी जिना चढताना बोलायची. मोबाइल कानाला लावून, हसत हसत, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचं वाक्य कुठे तुटायचं नाही. थोरलीच्या पोटात दुखायचं ते इथे.

थोरलीला स्वतःच्याच घरी पोचायला दोनदा बसावं लागे. तळमजल्यावर तिचं पडदे शिवायचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर घर. पहिल्या वळणावर एक बैठक, दुसऱ्यावर एक. कुणी शेजारी आलाच, तर ती पिशवीत किल्ली शोधायचं सोंग करायची. जिन्यात बसून इतक्या वेळा पिशवी उपसणारी बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती. गेल्या महिन्यापासून तर ती सकाळी एकदा खाली उतरली की संध्याकाळीच वर जायची. जेवणाचा डबासुद्धा दुकानातच. असंच चाललं तर एक दिवस दुकान तरी सोडावं लागेल नाहीतर घर तरी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दमा दोघींना आईकडून आलेला. लहानपणी घरात वाफेचं यंत्र एक आणि घरघरणाऱ्या पोरी दोन. आई मास्क घेऊन आली की थोरली स्वतः धापा टाकत म्हणायची, "आधी तिला दे." आधी तिला दे, आधी तिला दे, करत चाळीस वर्षं गेली. आणि आता देवानंही तेच मनावर घेतलं की काय, असं तिला वाटायचं. एवढं कसलं मेलं ऐकून घ्यायचं माणसाचं!

झालं होतं असं. सात महिन्यांपूर्वी दोघी बहिणी छातीच्या डॉक्टरांकडे एकाच दिवशी गेल्या. दम्यासाठी नवं इंजेक्शन आलं होतं, चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं. पण ते सगळ्यांना चालत नाही. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात, त्या तीनशेच्या वर भरल्या तरच द्यायचं, असा तिथला नियम. धाकटी गेली ती घरातल्या चपलांत, केस न विंचरता, कठडा धरून, छातीत शिट्ट्या वाजवत. थोरली गेली इस्त्रीचे कपडे घालून, ताठ मानेनं, चेहऱ्यावर दम्याचा मागमूस नाही. दवाखान्यात चार माणसांसमोर धापा टाकणं तिला मुळीच खपायचं नाही. म्हणून आधीचे तीन दिवस तिनं कपाटात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. फॉर्मवर प्रश्न होता, 'गेल्या महिन्याभरात स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का?' मागे एकदा मनानं गोळ्या घेतल्याबद्दल डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं होतं. पुन्हा कोण बोलणी खाणार? तिनं झोकात 'नाही' लिहिलं.

रक्ताचे आकडे आले. धाकटीचे सहाशे चाळीस. थोरलीचे सत्तर.

धाकटीला इंजेक्शन सुरू झालं. ते पेनासारखं असतं, घरीच घ्यायचं. पण धाकटीला सुई पाहिली की घेरी येते, आणि तिच्या घरचा फ्रिज असा की दुधाचासुद्धा दगड होतो. हे औषध गोठलं की वाया गेलं. मग पेन कुणाच्या फ्रिजमध्ये? थोरलीच्या. टोचायचं कुणी? थोरलीनं. "ताई, सुई तुझ्याच हातात शोभते गं," असं लाडात येऊन धाकटी म्हणाली, आणि थोरलीनं हसून मान डोलावली. हसली खरी, पण दात तेवढे दिसले.

पहिल्या दोन महिन्यांत धाकटी खोकायची थांबली. चौथ्या महिन्यात ती शाळेतल्या मुलांबरोबर टेकडी चढली. ती शाळेत चित्रकला शिकवते. फोटो पाठवला, वरती हात पसरून उभी. थोरलीनं फोटोवर अंगठा पाठवला आणि दिवसभर मशिनवर इतका राग काढला की एका पडद्याची शिवण तीनदा उसवावी लागली. वाईट वाटायचं तिला स्वतःचंच. बहीण बरी झाली याचा आनंद होत नाही, ही कसली बहीण? पण नाही होत, तर नाही होत. काय करता?

त्या शनिवारी सकाळी सातवं इंजेक्शन होतं. पेन फ्रिजमधून काढून टोचण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवावं लागतं. थोरलीनं दुकान उशिरा उघडायचं ठरवलं, पेन काढून टेबलावर ठेवलं आणि समोर बसली. दहा वाजता येते म्हणालेल्या धाकटीचा साडेदहा झाले तरी पत्ता नाही. येईल सावकाश. तिला काय, तिला जिने थोडेच मोजायचे आहेत.

थोरलीच्या छातीत सकाळपासून घरघर होती. समोर पेन. आत बोटभर औषध. पडलं म्हणायचं हातातून. फुटलं म्हणायचं. डॉक्टर तिला दुसरं देतील, ती लाडकी आहे सगळ्यांची. एवढा विचार होईतो तिचा हात पुढे गेलासुद्धा. तिनं टोपण ओढून काढलं, झगा मांडीच्या वर सरकवला आणि पेन खाली आणलं. मांडीपासून एका बोटाचं अंतर राहिलं.

खालून गाणं ऐकू आलं. धाकटी गात गात जिना चढत होती. तिन्ही मजले, एका दमात!

थोरलीनं झगा खाली ओढला.

"सॉरी, सॉरी, सॉरी!" धाकटी आत आली. "अगं, टोपण आधीच काढलंस?"

"तुझी वाट बघून माणूस म्हातारं होईल. बस लवकर, उघडं ठेवायचं नसतं."

धाकटी बसली, डोळ्यांवर उशी घेतली. थोरलीनं तिची मांडी पुसून पेन टेकवलं आणि दाबलं. टक्. आता दुसरा आवाज येईपर्यंत धरून ठेवायचं. या वेळात भीती जावी म्हणून धाकटी नेहमी बडबड करते.

"काल डॉक्टरांकडे गेले होते ना, तुझा विषय काढला. म्हटलं, आमच्या ताईचा दमा माझ्यापेक्षा जास्त, मग पेशी सत्तरच कशा? तर म्हणाले, आधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या पेशी एकदम कमी दिसतात. पण फॉर्मवर 'नाही' लिहिलंय म्हणे. मी म्हटलं, मग नसतीलच घेतल्या. ताई खोटं लिहायची नाही."

टक्.

थोरलीनं पेन उचललंच नाही. सात महिने! सात महिने तिनं या पोरीच्या नावानं बोटं मोडली, आणि धोंडा तर स्वतःच स्वतःच्या पायावर मारून घेतला होता. इस्त्रीच्या कपड्यांपायी!

"झालं का गं?" उशीतून आवाज आला.

"झालं." थोरलीनं पेन बाजूला ठेवलं. "घेतल्या होत्या मी गोळ्या. तीन दिवस."

उशी खाली आली. "का?"

"लोकांसमोर धापा नको म्हणून. आणि ऐक, आत्ता हे पेन मी मला टोचून घेणार होते."

धाकटीनं उशी बाजूला टाकली. "मग मला काय सांगितलं असतंस?"

"हातातून पडलं म्हणाले असते."

"आणि मी ते खरं मानलं असतं," धाकटी म्हणाली. नाक पुसून तिनं मोबाइल थोरलीच्या हातात कोंबला. "लाव दवाखान्यात फोन. माझ्यासमोर."

थोरलीनं लावला. "माझ्या फॉर्मवर एक उत्तर चुकलंय," ती म्हणाली. धाकटीनं भुवया उंचावल्या. "चुकलं नाही हो, खोटं लिहिलं मी."

डॉक्टरांनी बोलावून घेतलं, यथेच्छ झापलं आणि सांगितलं, जीवावर बेतलं तर लगेच इकडे या, पण मनानं एकही गोळी नको, पाच आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. रक्त द्यायला थोरली घरातल्या चपलांत गेली. बाकावर चार माणसांसमोर धापा टाकत बसली. धाकटी शेजारी होती.

निकालाच्या दिवशी मात्र थोरली एकटीच गेली. धाकटी थोरलीच्या घरी थांबली होती, दार उघडं टाकून. बऱ्याच वेळानं खालून हाक आली.

"नऊशे..."

मग काही नाही. धाकटी कठड्याशी धावली. थोरली पहिल्या वळणावर बसली होती. कागद हातात, पिशवी बाजूला फेकलेली. शेजारचे आजोबा वर जात होते, तरी तिनं पिशवीकडे हात नेला नाही.

"नऊशे दहा," जरा दम खाऊन ती म्हणाली. उठली, दुसऱ्या वळणापर्यंत आली, पुन्हा बसली.

"तुझे..." तिनं श्वास ओढला. "तुझे किती होते गं?"

"सहाशे चाळीस."

"हां," थोरली म्हणाली. "फक्त."

धाकटी खाली उतरली आणि पायरीवर तिला चिकटून बसली.