सीताफळाला पान हाय, मला न्हाई

सगळं रामायण सुरू झालं ते एका सीताफळावरून.

योगिता ही आप्पारावांची धाकटी सून. धारूरच्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि फावल्या वेळात इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायची. फुकट. पगार नाही, सत्कार नाही, शाल-नारळ नाही, मग ही बाई लिहिते तरी कशाला, हे घरात कुणालाच कळायचं नाही. पण तिला नाद होता. किल्ल्यावर तिनं लिहिलं, बालाघाटातल्या सीताफळावर लिहिलं. ते सीताफळाचं पान कुणीतरी आप्पारावांना मोबाइलवर दाखवलं आणि म्हातारा पेटला.

"सीताफळाला पान हाय," भर जेवणात ते म्हणाले. "किल्ल्याला हाय. आन सासऱ्याला कावून न्हाई?"

आता आप्पाराव म्हणजे काही साधी असामी नव्हे. पंचायत समितीचे माजी सभापती! बावीस वर्षांपूर्वी अकरा महिने ते त्या खुर्चीवर बसले होते, पण अजूनही त्यांना नुसतं 'आप्पाराव' म्हटलेलं चालत नाही. 'सभापती' म्हणावं लागतं. न म्हणणाऱ्याला ते ओळख देत नाहीत.

"मामा, घरच्या माणसानं घरच्या माणसावर लिहायचं नसतं," योगिता म्हणाली. "नियम आहे तसा."

"मग काय दुश्मनानं लिव्हायचं?"

"दुश्मनानं लिहिलं तर उत्तमच. ते पक्कं धरतात."

सासूबाईंना, म्हणजे वनमालाबाईंना, हसू आलं. ते त्यांनी पदरात लपवलं नाही, चांगलं मोठ्यानं हसून घेतलं. त्यामुळे आप्पाराव आणखीच चिडले आणि त्यांनी नाथाला बोलावणं धाडलं.

नाथा एक साप्ताहिक चालवायचा. साप्ताहिक म्हणजे जाहिरात मिळाली की निघायचं. त्यानं एका बैठकीत पान लिहून टाकलं. 'गोरगरिबांचे कैवारी, तालुक्याच्या विकासाचे शिल्पकार, जनतेच्या गळ्यातील ताईत, सभापती आप्पाराव' अशी सुरुवात होती. दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, कैवारीपुढे कंसात कुणीतरी लिहून ठेवलेलं, 'संदर्भ हवा'. शिल्पकारापुढे 'संदर्भ हवा'. ताईतापुढे तर दोनदा.

"तीस वर्सं भाषणं ठोकली मी," आप्पाराव कपाळाला हात लावून म्हणाले, "एका मायच्या लालनं संदर्भ मागितला न्हाई."

आणि पानाच्या डोक्यावर पाटी लागली. 'स्थानिक पदाधिकारी. उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. सात दिवसांत पुरावे न मिळाल्यास हे पान काढण्यात येईल.'

"हा कोण पाटी लावणारा? कुठल्या पार्टीचा हाय?"

"माहीत नाही, मामा. कुठंतरी बसलेला असेल. माझ्यासारखाच."

"आमदाराला सांगून त्याची बदली करू की मग!"

"त्याला नोकरीच नाही, बदली कुठून करणार?"

पगार नाही आणि बदलीची भीती नाही, असा माणूस आप्पारावांनी उभ्या हयातीत बघितला नव्हता. अशा माणसाला धरायचं तरी कुठं? पण पानाखाली चर्चा चालू आहे आणि 'ठेवा' की 'काढा' ते लोक तिथं लिहितात, एवढं मात्र त्यांना नाथाकडून कळलं आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. ही तर इलेक्शन! रविवारी शेतात बोकड पडलं. पंगत उठली की एकेक जण हात पुसत नाथाच्या मोबाइलवर यायचा आणि 'ठेवा' म्हणून लिहून जायचा. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस मतं पडली. आप्पाराव मिशीवर हात फिरवत घरी आले.

रात्री योगितानं त्यांना उत्तर वाचून दाखवलं. 'ही मतमोजणी नाही. एकाच ठिकाणाहून आलेली एक्केचाळीस मतं ग्राह्य धरता येत नाहीत. पुरावा द्यावा.'

"मतं मोजत न्हाईत?" आप्पारावांचा आवाज एकदम बसला. "मग बोकड कावून कापलं?"

योगिताला पहिल्यांदा त्यांची दया आली. इतके दिवस ती गंमत बघत होती, खरं तर. पण हा माणूस आता बहात्तरचा. निवडणुकीत दोनदा पडलेला, पक्षानं केव्हाच अडगळीत टाकलेला, लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत गेलेला. आपण गेल्यावर आपलं नाव कुठं तरी राहावं, एवढंच त्याला हवं होतं. ती म्हणाली, "मी लिहिणार नाही, मामा. पण पुरावा शोधायला बसते तुमच्याजवळ."

दुसऱ्या दिवशी पत्र्याची ट्रंक उघडली. कात्रणंच कात्रणं! योगिता एकेक बघून बाजूला ठेवत गेली. वाढदिवसाच्या शुभेच्छा, ही जाहिरात. निवडीबद्दल अभिनंदन, ही पण जाहिरात. 'सभापतींचा झंझावाती दौरा', ही नाथानं लिहिलेली. ट्रंक संपली.

"कार्यकाळ तरी नीट लिहू द्या कुणाला. राजीनामा कधी दिलात?"

"सभापती व्हायच्या आदल्या दिवशी."

योगितानं मान वर केली.

"असंच असतं बाई. खुर्ची एक, इच्छुक चार. सव्वा-सव्वा वर्स वाटून घ्यायची. म्हणून राजीनामा आधीच लिव्हून घेतात, बिनतारखेचा. पार्टीच्या साहेबाच्या खिशात ऱ्हातो. त्याला वाटंल तवा तो तारीख टाकतो. माझ्यावर टाकली तेरा मेची."

"म्हणजे सव्वा वर्षसुद्धा मिळालं नाही?"

"न्हाई," आप्पाराव म्हणाले आणि ट्रंकेचं झाकण लावायला लागले.

"मामा, पैसे न घेता, तुम्ही न सांगता, कुणी आपणहून तुमच्यावर एक ओळ तरी लिहिली का हो कधी?"

 आप्पाराव उठले, कपाटातून लग्नातला जुना कोट काढला आणि आतल्या खिशातून घडी घातलेलं एक कात्रण तिच्यापुढे टाकलं. "हसू नको," एवढंच म्हणाले.

मथळा होता, 'मेंढ्यांच्या वेढ्यात सभापती!' तारीख दहा मे दोन हजार तीन. खाली फोटो. ऐन उमेदीतले आप्पाराव कागदावर सही करतायत आणि त्यांच्या मांडीवर एक कोकरू बसलंय. किल्ला बघायला आलेल्या बाहेरच्या एका वार्ताहरानं लिहिलं होतं. दुष्काळात टँकरचं पाणी माणसं मोजून मिळायचं, मेंढरं कुणी मोजत नव्हतं. डोंगराकडच्या वाडीची चतुराबाई नावाची धनगर बाई आपला कळप घेऊन थेट पंचायत समितीत घुसली, सभापतींना त्यांच्याच खोलीत कोंडलं आणि जनावरांसाठी वेगळा टँकर दारात येईपर्यंत पाच तास कडी काढली नाही.

योगिता हसली नाही असं नाही. ते कोकरू बघून कोण हसणार नाही?

"सकाळच्या गाडीनं आलेले सगळे पेपर मी इकत घेतले आन जाळले," आप्पाराव म्हणाले. "वर्सभर पोरं मला बघून बें बें करायची."

"मग हा एक का ठेवलात?"

"फोटो बरा आलाय."

योगितानं कात्रण पुन्हा वाचलं, आणि तिला जे सांगायचं होतं ते सांगणं जड गेलं. पण सांगितलं. "मामा, एका दिवसाच्या बातमीवर तुमचं पान टिकणार नाही. शिवाय ही बातमी तुमची नाहीच, चतुराबाईंची आहे. एका पुस्तकात त्यांच्यावर प्रकरण आहे, एका मासिकात लेख आहे. पुढं सात वाड्यांच्या बायकांना घेऊन त्या पाण्यासाठी लढल्या. ह्या कात्रणानं त्यांचं पान पक्कं होईल. पण कात्रण तुमचं आहे. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

आप्पारावांनी दोन दिवस ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धोतर बदलून बाहेर आले. "चल," म्हणाले, "बाईला इचारून येऊ."

वाडीवर चतुराबाई लिंबाखाली बसून लोकर पिंजत होती. सत्तरीची, हातापायांनी काटक. "या सभापती!" म्हणून ती उठली. बावीस वर्षांनी कुणीतरी न सांगता सभापती म्हणालं, तर आप्पारावांचा चेहरा केवढा उजळला! योगितानं कात्रण वाचून दाखवलं. म्हातारी फोटोवर बोट ठेवून हसली, आणि 'कोंडलं' या शब्दाशी थांबली.

"त्ये खोटं हाय बाई," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"मी कशाला कोंडती? मी पाणी मागायला गेलते. ह्यांनी तवाच दस्तकत केला. आन म्हणले, चतुराबाई, म्या सही केली तरी वरून फोन यील आन टँकर परत जाईल. तू भायेरून कडी लाव, मेंढरं दारात घाल, टँकर आल्याबिगर काढू नको. फोन बी ह्यांनीच काढून ठिवला. आन तुझं ह्यात नाव हुईल तर हू दे, माझं सांगू नको म्हणले. मंग म्या न्हाई सांगितलं."

योगितानं कात्रणावरची तारीख पुन्हा बघितली. बातमी दहा मेची, म्हणजे नऊ मेला सही. तेरा मेला साहेबानं राजीनाम्यावर तारीख टाकली. चार दिवस! सव्वा वर्षाची खुर्ची ह्या माणसानं मेंढरांच्या पाण्यावर घालवली होती आणि घरात चकार शब्द काढला नव्हता. तीच ही असामी, जिनं बसथांब्याच्या पत्र्यावर सुद्धा स्वतःचं नाव घालून घेतलं होतं.

"म्हातारीला आठवत न्हाई आता," आप्पाराव लगबगीनं म्हणाले. "तिनंच कोंडलं मला. चल बाई, ऊन व्हायलंय."

जीपमध्ये योगिताला राहवेना. "मामा, त्या खरं बोलत होत्या ना? मग हे सांगायला काय झालं होतं? अहो, हेच तर तुमचं पान!"

"कुटं छापून आलंय?" आप्पाराव समोर बघत म्हणाले. "न्हाई ना? मग."

"पण खरं आहे ना?"

त्यांनी जीप घाटाखाली उतरू दिली. मग म्हणाले, "हे बघ. एका बाईनं सभापतीला कोंडलं, हे ऐकून पुढच्या आठवड्यात सात वाड्यांच्या बाया आल्या. सभापतीनंच कोंडायला लावलं, हे कळलं असतं तर एक बी आली नसती. आता त्यावर मी माझं नाव टाकू? लिव्ह तू, पेपरात हाय तसं."

सातव्या दिवशी आप्पारावांचं पान काढून टाकलं गेलं. त्याच संध्याकाळी चतुराबाईचं पान लागलं. योगितानं मोबाइल सासऱ्यांच्या हातात दिला, पण चष्मा सापडेना, तेव्हा वनमालाबाईंनीच तो घेतला आणि अक्षर लावत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुष्काळ झाला, मेंढरं झाली, आणि मग त्या किंचाळल्याच.

"अगं बया! सभापतींना खोलीत कोंडलं म्हणून लिव्हलंय की हो! नावानिशी! आता साऱ्या जगात अब्रू गेली. अगं योगिता, घरच्या माणसाची अशी शोभा करतेत का? काढ ते. अहो, तुमी तरी सांगा, हे खोटं हाय म्हणून!"

योगितानं सासऱ्यांकडे बघितलं.  त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर तिनं सगळं सांगून टाकलं असतं.

"खोटं कशाचं?" आप्पाराव बशीत चहा ओतत म्हणाले. "लई घट्ट कडी लावलती बाईनं."