मधल्याचा दात

माझे भावजी, म्हणजे ताईचा नवरा. वय एकोणपन्नास, डोक्यावर पाऊण टक्कल, आणि वेड कशाचं? तर पाच पोरांच्या एका बँडचं. पोरं म्हणजे तेव्हाची पोरं. आता तीही चाळिशीला टेकलीत, नाचताना एकेकाचा गुडघा कुरकुरतो. पण ह्या माणसाने त्यांचे बावीस कॉन्सर्ट पाहिले. भोवती चौदा-पंधरा वर्षांच्या मुली किंचाळतायत आणि मध्ये हे, इस्त्रीचा शर्ट खोचून, हात वर करून झुलतायत. पुढे त्या मुलींची लग्नं झाली, त्यांच्या मुली यायला लागल्या. हे तिथेच.

आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये. डेंटिस्ट लोक मापं पाठवतात, आम्ही दात बनवतो. हत्तीचे खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे म्हणतात ना, तशी आमची वाटणी. दाखवायचे भावजींकडे, खायचे माझ्याकडे. त्यांनी केलेला दात तोंडात बसला की सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही. माझ्याही पुढच्या दातावर त्यांचीच टोपी आहे. सायकलवरून पडून अर्धा दात गेला होता. अकरा वर्षं मी बत्तीशी दाखवत फिरतोय, एकालाही संशय नाही.

आता मेहुण्याने भावजींची टर उडवायची नाही तर कुणी उडवायची? एकदा त्यांच्या डब्यात अख्खी कवळी ठेवली. झाकण उघडलं, बघितलं, आणि गडी म्हणतो कसा, "खालची रांग जरा तिरकी झालीय, मेहुणे." एवढंच! चिडतच नाही माणूस. मग मला जास्तच चेव यायचा.

नऊ वर्षांपूर्वी एका कॉन्सर्टमध्ये बँडचा मधला, म्हणजे कायम मध्ये उभा राहून गातो तो, पाय घसरून पडला. माइक दातावर आपटला, पुढच्या दाताचा कोपरा उडाला. भावजी तेव्हा समोरच होते. पुढे कुणीतरी त्या दातावर टोपी बसवली, ती चुन्यासारखी पांढरीफटक. जगात कुणाला दिसली नसेल, भावजींना दिसली. पोस्टर बघितलं की हळहळायचे.

"बघा मेहुणे, तेव्हापासून वरचा ओठ दाबून गातो. आधी कसा तोंडभर हसायचा."

"मग तुम्ही करून द्या की दात!" मी आपलं गमतीत म्हटलं.

त्यांनी मनावर घेतलं. माप नाही, ठसा नाही, आणि हा बाबा पोस्टरवरून दात करतोय! असला मूर्खपणा दात बनवणाराच करू जाणे. जेवणाच्या सुट्टीत भिंगातून फोटो बघायचे, ब्रशने पोर्सेलीनचे थर चढवायचे, भट्टीत भाजायचे, पुन्हा घासायचे. तेरा दात मोडले. चौदावा जमला. खोटं कशाला बोलू, तो दात मीही दोनदा भिंगाखाली धरून बघितला. कडेला निळसर पारदर्शक झाक, मधे एक अंधुक रेघ. जिवंत वाटायचा.

तेवढ्यात बँडने जाहीर केलं, आता एकच कॉन्सर्ट, शेवटचा. मोठ्या मैदानावर, दुपारी चारला.

"मला स्टेजपुढच्या रेलिंगला उभं राहायचंय," भावजी म्हणाले. "तो रेलिंगपाशी येऊन हात मिळवतो. तेव्हा हातात देणार. नंतर संधी नाही." ताईचा पाय मुरगळला होता, म्हणून तिचं तिकीट माझ्या गळ्यात पडलं.

ह्या लोकांची रांग म्हणजे एक अजब कारभार. पहिला येतो तो वही उघडतो, आणि येणाऱ्याच्या हातावर मार्करने नंबर लिहितो. दर दोन तासांनी हजेरी. हजर नसलास तर नंबर गेला, रडलास तरी परत नाही. आम्ही उजाडता उजाडता पोचलो. भावजींना नऊ नंबर मिळाला. माणूस हात असा जपत होता, जणू मेंदी काढलीय.

वहीवाली पोरगी विशीतली. म्हणाली, "काका, हे कोण नवीन?"

"माझे मेहुणे. ते फॅन नाहीत."

"मग आणलंत कशाला?"

"डबी धरायला."

कारण गेट उघडलं की सगळे रेलिंगच्या दिशेने धावत सुटतात. चेंगराचेंगरीत दाताचा टवका उडेल ही भीती. म्हणून दाताची ती मखमली डबी त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. माझ्या!

माझ्या खिशात दाढ होती. शाळेतल्या पोरांना घाबरवायला मी मागे एक नमुना केला होता. काळी, किडकी, तीन मुळं, मुळांना लालभडक रंग. माझा उत्कृष्ट नमुना. भावजी बारा वाजता हजेरीला गेले, आणि मी दात खिशात टाकला, दाढ डबीत. बेत साधा होता. हा माणूस दिवसातून दहादा डबी उघडून बघतो. उघडेल, दचकेल, मी पोट धरून हसेन, दात परत देईन.

पण एकदा रेलिंग पकडल्यावर त्यांनी ते सोडलंच नाही. डबी माझ्याकडून घेतली ती सरळ शर्टाच्या खिशात. मागून गर्दीची लाट येत होती, एक हात निसटला की जागा गेली.

मला वेळ होता. तब्बल दीड तास मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. "भावजी, डबी उघडा," एवढे तीनच शब्द. पण म्हटलं, बघू तरी काय होतंय. इतकी फक्कड गंमत आपल्याच हाताने कोण मोडेल?

संथ गाणं लागलं, मधला खाली उतरला. हात मिळवत मिळवत आला. भावजींनी डबी वर धरली आणि स्वतःच्या दाताकडे बोट दाखवलं. ओरडले, "तुमच्यासाठी केलाय!" मधल्याने आधी डबीकडे बघितलं, मग भावजींच्या टकलाकडे. ओळखीचं हसला. बावीस कॉन्सर्टनंतर! कॅमेरावाला धावला. मधल्याने डबी उघडली.

माझी दाढ मागच्या पडद्यावर तीन मजले उंच दिसली. मुळं लाल, कीड काळी. रंगकाम काय उतरलं होतं!

अख्ख्या मैदानाच्या तोंडून एकच "ई!" निघाला. मधल्याच्या हातातून डबी पडली. त्याला वाटलं, कुणाची तरी खरी उपटून आणलीय. त्याने पटकन तोंडावर हात घेतला, आपलाच दात झाकावा तसा, आणि मागे सरला. दोन पहारेकऱ्यांनी भावजींना काखेत धरून रेलिंगवरून अलगद उचललं. वहीवाली पोरगीच सगळ्यात मोठ्याने ओरडत होती, "काढा त्याला! घाणेरडा म्हातारा!"

भावजी हात-पाय झाडत नव्हते, ओरडत नव्हते. मान वर करून पडद्यावरची दाढ बघत होते. दात बनवणाऱ्याला दुसऱ्याचा हात अक्षरासारखा ओळखू येतो. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

मी शेवटपर्यंत थांबलो. जागा चांगली होती हो, सोडवत नव्हती. मधल्याने उरलेली सगळी गाणी माइक तोंडावर घट्ट धरून म्हटली.

बाहेर भावजी फुटपाथच्या कडेला बसले होते. थुंकी लावून हातावरचा नऊ घासत होते. जात नव्हता.

"भावजी, गंमत हो!" मी दात पुढे केला. "हा घ्या, सुखरूप आहे."

त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "मुळांचा रंग छान जमलाय, मेहुणे."

घरी ताईने विचारलं, "दिलात का हो दात?" तर हे म्हणाले, "हो, बघितला त्याने." आणि चपला काढून आत गेले.

सोमवारी त्यांनी लॅबच्या मालकीणबाईंना सांगितलं, "आजपासून मी दाढा करणार. पुढचे ह्यांना द्या." बाई गयावया करून दमल्या. गडी ढिम्म हलला नाही. गाणीही बंद. आता पुढचे दात मी करतो आणि निम्मे परत येतात. सोबत चिठ्ठ्या. कालच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: "पेशंट घोडा नाही."

गेल्या महिन्यात बडीशेप चावताना माझी टोपी निघाली आणि फुटली. गेलो त्यांच्या टेबलाशी.

"भावजी, तेवढा एक."

"मी पुढचे करत नाही." मानही वर केली नाही.

मधल्याचा दात माझ्या ड्रॉवरमध्ये होता. हळूच लावून बघितला. केसभर अरुंद निघाला. मग स्वतःच केला, चार वेळा भाजला, आणि बसवून घेतला.

परवा ताई जेवायला वाढता वाढता थांबली. "काय रे, असा ओठ दाबून काय हसतोस? बायकी दिसतोस."

भावजी ताटातून वर न बघता म्हणाले, "पांढराफटक झालाय. दिसू नये म्हणून."

ताई खदखदून हसली. मीही हसलो. तोंडावर हात घेऊन.