तिसऱ्या खिडकीतला दिवा

कार्डिफच्या स्टुडिओत एमरिसने चार महिने खपून एक जुने अंतराळयान नव्याने घडवले होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या ‘दूरचा किनारा’ या मालिकेत ते प्लास्टिकच्या तुकड्यांचे होते, दोऱ्याला टांगून उडत असे. आता ते संगणकात होते, निष्कलंक. संध्याकाळी पाचला जुनी दृश्ये काढून ही नवी बसवायची होती. त्याआधी मूळ यान बनवणारे कथबर्ट लोमॅक्स ते पाहायला आले. वय शहाऐंशी, हातात ओली छत्री.

“झकास रे पोरा! दोरा दिसत नाही, माझी अब्रू वाचली. पण यानाच्या रिकाम्या खोल्यांतून एवढे दिवे? एनिडने कान उपटले असते तुझे.”

“एनिड कोण, मिस्टर लोमॅक्स?”

“बायको. मालिका सुरू होण्याआधीच गेली. खोलीतून निघताना दिवा मालवल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. यानात बल्ब एकच बसत होता, तिसऱ्या खिडकीमागे. म्हटलं, रिकाम्या खोलीत दिवा ठेवला तर ही ओरडणार. म्हणून तिथे तिचाच फोटो चिकटवला, नखाएवढा. यान भंगारात गेलं, घरचे फोटो पुरात. आता ती फक्त तुमच्या फिल्मवर आहे.”

एमरिसने जुने चित्र मोठे केले. फिल्मच्या हिमकणांसारख्या दाण्यांमागे, उजळलेल्या चौकोनात, एका स्त्रीचा चेहरा होता. चार महिने तो तिला धुळीचा डाग समजून सोडून देत आला होता.

त्याने भाग पुढे सरकवले. पहिल्या भागात ती बाजूला पाहत होती. अकराव्यात थेट समोर.

“फोटो किती होते?”

“एकच,” लोमॅक्स हळू आवाजात म्हणाले.

पाचला दहा कमी होते. एमरिसने नव्या यानाच्या बाकीच्या खिडक्या काळ्या केल्या, फिल्मवरच्या त्या चेहऱ्याची प्रत घेतली आणि तिसऱ्या खिडकीत अलगद ठेवली. यान अंधारातून वळले. खिडकी उजळली.

“आली,” लोमॅक्स पुटपुटले.

रंग जुळतो का, हे पाहायला एमरिसने जुने चित्र पुन्हा उघडले. यान तसेच होते, दोराही दिसत होता. तिसरी खिडकी मात्र काळोखी होती. त्याने दुसरा भाग उघडला, सातवा, अकरावा. सगळीकडे तोच काळोख.

“मी मूळ फिल्मला हातही लावला नाही, शपथ!”

“तू नाहीस रे,” छत्री उचलत लोमॅक्स म्हणाले. “मालवून निघाली ती.”