ओल्या गोणपाटातली निळी शाई

मी एक जुनी निळी शाई आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करते, मी जन्माची भित्री आहे. पाण्याचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. काळी शाई कशी, एकदा बसली की बसली. माझं तसं नाही. एक थेंब पाणी पडलं की मी हातपाय गाळते आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटते.

अकोटजवळ मळा असलेल्या पंजाबरावांनी मला अमरावतीच्या एका जुन्या दुकानातून आणलं. एसटीत बाटली मांडीवर धरून बसले होते, लेकरू धरावं तसे. झेंडू आणि शेवंती पिकवणारा माणूस, हात सदा मातीत, पण खिशाला शाईचा पेन हवाच. लोक म्हणत, "बॉलपेन घ्या ना भाऊ, काहून एवढा उपद्व्याप करता?" ते म्हणत, "बॉलपेननं अक्षर मेल्यावानी दिसते."

माझ्या खोडी काही कमी नव्हत्या. कागदावर उतरताना मी गडद, वाळले की फिकी. गुळगुळीत कागदावर शहाण्यासारखी वागते, पण वहीचा कागद खरबरीत निघाला की अक्षराला पाय फुटतात आणि मागच्या पानावरही मीच दिसते. वैशाखात टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं तर निबातच सुकून बसते. मग पंजाबराव निब पाण्यात बुडवत आणि माझा जीव अर्धा होई. तरी त्यांनी मला कधी टाकलं नाही. कोणत्या वाफ्यावर कधी फवारलं, हे सगळं ते माझ्यानंच लिहीत. आणि जिथं माझा थेंब जातो तिथं मी असते, बाटलीत, पेनात आणि कागदावरही. त्यामुळे त्या दिवशीचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

दसरा चार दिवसांवर आला होता. झेंडूवर अळी पडली, म्हणून पंजाबराव आणि शेजारचा धर्मपाल यांनी फवारणीचं औषध मिळून आणलं. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात बरं का, मला याचीच धास्ती वाटते. डबा धर्मपालनं नेला. पंजाबरावांच्या वाट्याचं औषध त्यांनी शीतपेयाच्या एका रिकाम्या हिरव्या बाटलीत ओतून घेतलं.

"आता चिठ्ठी लावली पाह्यजे," पंजाबराव म्हणाले. "नाही तं पानी कोनतं अन् जहर कोनतं, कोनाले समजन?"

त्यांनी कागदावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'औषध. पिऊ नये.' खळ लावून चिठ्ठी चिकटवली आणि बाटली मळ्यातल्या झोपडीत खुंटीला टांगली. मीही फुशारले. माझ्या चार अक्षरांवर माणसांचा जीव सोपवला होता ना! ती फुशारकी मला फार महागात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फुलं तोडायची घाई उडाली. ऑक्टोबरचं ऊन अंग भाजत होतं. तोडणाऱ्या बायांमध्ये मैनाबाई सगळ्यांत वयानं मोठ्या आणि मायाळू. आमच्याकडे उन्हात पाण्याच्या बाटल्यांना ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात, म्हणजे पाणी गार राहतं. हे काम मैनाबाईंचं. त्यांना अक्षरओळख नव्हती. झोपडीत त्यांना आणखी एक बाटली दिसली. तिच्यावर कागद होता, म्हणजे पंजाबरावांनी आपल्या पाण्यावर नाव घातलं असेल, असं त्यांना वाटलं. मालकाचं पाणी तेवढं गरम का राहावं? त्यांनी ती बाटली उचलली, हौदात बुचकळलेलं गोणपाट तिच्याभोवती घट्ट आवळलं आणि इतर बाटल्यांसोबत निंबाखाली ठेवली.

मित्रांनो, माझं काय झालं ते कसं सांगू? ओल अंगाला लागली आणि 'नये' आधी गेलं. मग 'पिऊ' विरघळलं. मी जिवाच्या आकांतानं कागदाला धरून होते, पण माझा हात सुटत गेला. खळ सुटली, चिठ्ठीचा लगदा झाला आणि मी सगळी त्या गोणपाटात उतरले. तिकडे पंजाबराव दूरच्या वाफ्यात टोपल्या भरत होते, मी त्यांच्या खिशातल्या पेनातही होते, पण मला ओरडता कुठं येतं?

तेवढ्यात त्यांची सून साधना घामाघूम होऊन आली. "मैनाबाई, पानी कुठं ठेवलं वं?"

"निंबाखाली, ताई. गुंडाळून ठेवलं, थंडगार असन."

साधनाला चार दिवसांची सर्दी, नाक पार चोंदलेलं. तिच्या हाताला नेमकी तीच बाटली लागली. तिनं गोणपाटासकट मुठीत धरून झाकण काढलं. मला वाटलं, संपलं सगळं. एका लेकराची आई होती ती.

आमच्याकडे बाटलीला तोंड लावत नाहीत. हात उंच करून वरून धार सोडतात. साधनानं हात वर नेला, तसं गोणपाट पिळलं गेलं आणि मी तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळले. ती वरच बघत होती. तिला निळी रेघ दिसली. दर आठवड्याला सासऱ्याच्या सदऱ्याचा खिसा चोळणारी बाई ती, हा निळा तिच्या चांगला ओळखीचा. हात थबकला. एक थेंब मात्र निसटून हनुवटीवर पडला.

"मामाजी," तिनं वाफ्याकडे मोठ्यानं हाक मारली, "ह्या बाटलीले तुमची शाई कशी?"

पंजाबराव टोपली टाकून धावले. हनुवटी साबणानं धुतली आणि बाटली घेऊन तिला अकोटला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "औषध कोणतं आहे?" बाटली कोरी होती. पंजाबरावांना घाबरून नाव आठवेना. शेवटी धर्मपालला फोन लावून डब्यावरचं नाव वाचून घेतलं. संध्याकाळपर्यंत साधनाला बसवून ठेवलं होतं. काही त्रास झाला नाही, तेव्हा डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं, ते मी खिशातून ऐकलं.

"तुमच्या शाईनंच तं वाचोलं मले," साधना त्यांना धीर द्यायला म्हणाली.

"नाही, बेटा," ते म्हणाले. "नशिबानं वाचली तू. मी शिकेल मानूस, जहर पान्याच्या बाटलीत भरलं अन् वरतून कागद लावला. मैनाबाईचा काई दोष नाही."

ते खरं बोलले, मित्रांनो. मला शाबासकी देऊ नका. मी अंगावर ओघळले ते शहाणपणानं नाही, भित्रेपणानं. गोणपाट जरा कमी ओलं असतं, किंवा साधनानं डोळे मिटून धार सोडली असती, तर आज हे सांगायला माझी जीभ रेटली नसती.

माझ्यानं पत्र लिहा, वही लिहा, मी जीव ओतीन. पण विषावर राखण करायला मला बसवू नका, आणि विष त्याच्या डब्यातून काढूच नका. पाण्याच्या बाटलीत भरलेलं औषध तुमच्या घरी, गोठ्यात, मळ्यात कुठं टांगलेलं असेल. हे पान इथंच ठेवा, मोठ्या माणसाला हाक मारा आणि ती बाटली आधी दाखवा.