जवसाच्या तेलाचा वास

अण्णा यायचे, तेव्हा दिवाणखान्यात त्यांच्या पावलांआधी जवसाच्या तेलाचा वास यायचा. मला तो धुळ्याकडच्या चटणीमुळे ओळखीचा. तेच तेल रंगातही घालतात, हे अण्णांमुळे कळलं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये त्यांनी सारं आयुष्य साड्यांवरचे वेल, कोयऱ्या, मोर काढले. रिटायर झाल्यावर मात्र ट्रस्टच्या या जुन्या दिवाणखान्याचं चित्र मांडून बसले. मी इथं झाडलोट करते. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं विझत चालली होती. उरलेल्या उजेडात चित्र पुरं व्हावं, एवढीच त्यांची घाई.

घाई असूनही हात संथ. कोरीव खांबावरच्या एका पोपटाला अख्खी सकाळ लागायची. रंगीत काचांतून ऊन फरशीवर लाल-हिरवं सांडलं, की ते मान तिरकी करून चिमणीसारखे बघत राहायचे. चित्रातलं छताचं सोनं झळाळताना पाहून मी त्यांच्या पेटीत सोनेरी रंग शोधला. नव्हताच. पिवळा होता आणि मातकट तपकिरी. त्या तपकिरीशेजारी पिवळ्याचं सोनं कसं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

चित्रात गालिचावर अण्णांनी मनानंच काढलेल्या जुन्या काळच्या बायका बसल्या होत्या. खांबाची उंची कळावी म्हणून अण्णांनी मला खांबाशी उभं केलं. लाजून मी पाठ फिरवली.

"पाठ तं पाठ," ते आमच्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाले आणि हसले. "तीबी तुनीच शे."

एका शनिवारी सगळं पुसता पुसता मी चित्रावरूनही फडकं फिरवलं. पूर्वी मी मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायचे. तिथं छापलेला रंग वाफेतून निघाला की पक्का. हाही एव्हाना वाळला असेल, असं मी धरून चालले. फडकं लाल झालं. चित्रात माझ्या पायांपासून काचेच्या खिडकीपर्यंत एक धुरकट फराटा उठला.

अण्णा आले. नाक टेकेल इतके जवळ जाऊन त्यांनी पाहिलं.

"हाई काय करं व ताई?"

"पुसलं, अण्णा."

ते म्हणाले, "मिलनी सवय!" आणि कुंचला उचलला. दुपारपर्यंत तो फराटा खिडकीतून उतरणारं ऊन झाला, उन्हात धूळ तरंगू लागली, आणि माझ्या हातात झाडू आला.

"आते तू नुसती उभी नही," ते म्हणाले. "काम करी ऱ्हायनी."

चित्र पुरं झालं. अण्णांना जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. तेलरंग वरून वाळतो, आतून वर्षानुवर्षं वाळतच असतो, असं ते सांगायचे. मी चौकट रोज पुसते. रंगाला अजून हात लावत नाही.