मोटारीचा खटका

आमच्या मोटारीचा खटका गेला तो ऐन उन्हाळ्यात. मेल्याला जायला दुसरा महिना सापडला नाही. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही त्याच्या मर्जीनं. आलं की हौदात पडतं आणि हौद एवढासा. तो भरून वाहायच्या आत मोटार लावून गच्चीवरची टाकी भरली नाही, तर पुढचे दिवस दुसऱ्याच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं.

मोटार लावणं हे काम माझ्या सासूबाईंचं. गुरम्मा त्यांचं नाव, मी आत्या म्हणते. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू पार गेली. तसतसं एकेक काम मी त्यांच्या हातून काढून घेतलं. तांदूळ निवडणं गेलं, भाकरी गेल्या, देवापुढची दिवाबत्ती गेली. "द्या इकडं, मी करते," हे माझं पालुपद. पाणी तेवढं त्यांच्याकडं राहिलं, कारण त्यात त्यांना हरवणार कोण? पाण्याआधी नळात हवा फुसफुसते, ती अख्ख्या गल्लीत पहिल्यांदा आत्यांना ऐकू यायची. भिंत धरत त्या बोर्डापाशी जायच्या, खटका वर करायच्या आणि दारात येऊन ओरडायच्या, "नीरु बंतु!" आत्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं घाईत तोंडात कन्नडच येणार. पाणी आलं, एवढाच त्याचा अर्थ. गल्लीतल्या मराठी, तेलुगू, सगळ्या बायका त्या दोन शब्दांवर भांडी घेऊन धावायच्या.

बोर्ड माझ्या सासऱ्यांनी लावलेला. कल्लप्पामामा गिरणीत वायरमन होते. घर बांधलं तेव्हा सुट्टीच्या दिवशी एकेक वायर त्यांनी स्वतः ओढली. काळे, जाडजूड खटके, वर केले की खट्ट वाजणारे आणि भार जास्त झाला की आपोआप खाली पडणारे. गिरणी बंद पडून वर्षं झाली तरी मामा भोंग्याच्याच वेळेला जेवायला बसायचे. मी टेंभुर्णीहून लग्न होऊन आले, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोर्डासमोर उभं केलं. "ह्यो पंख्याचा, ह्यो मिक्सरचा. आन् ह्यो मोटारीचा. ह्येला तुज्या सासूशिवाय कुनी हात लावायचा न्हाय," म्हणाले आणि हसले. मामा बोलायचे कमी, हसायचे जास्त. फार आठवण येते त्यांची.

तर तोच खटका गेला. गल्लीतला आरिफ इलेक्ट्रिशियन आला, खोलून बघितलं आणि खटका माझ्या हातावर ठेवला. "वैनी, ही कंपनीच ऱ्हायली न्हाय. नवी एमसीबी, म्हंजी हल्लीचा खटका, ह्या पट्टीवर बसत न्हाय, मापच येगळं. आन् जुगाड मी करनार न्हाय, घर पेटलं म्हंजी? आख्खा बोर्ड बदला."

"बदला की," आत्या म्हणाल्या. पण चेहरा पार पडला. मामांची वस्तू आहे, मी म्हटलं, बघू तर खरं.

मग तो मेलेला खटका पर्समध्ये घालून मी उन्हातान्हात हिंडले. नव्या पेठेतला दुकानदार म्हणाला, "बाई, हे म्युझियममध्ये मिळेल." त्याला मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. मंगळवार बाजारात एजाजभाई भंगारवाले, त्यांच्या ढिगात मात्र हुबेहूब तसाच निघाला. तीच कंपनी, तसाच खटका. नाचतच घरी आले. आरिफनं त्यावरचा आकडा वाचला आणि मान हलवली. "ह्यो लाइटीचा हाय. बसंल, पन मोटार सुरू झाली की पडंल." तो परत करून दुसरा आणला, तर तो भलताच मोठा. "ह्यो पडनारच न्हाय. त्येच्या आदी वायर जळंल." शेवटी आमचा खटका नमुना म्हणून एजाजभाईंकडं ठेवला आणि हात टेकले.

नवा बोर्ड बसला. पांढराशुभ्र, झाकणवाला. आत सगळे खटके एकासारखे एक.

"आता मोटार मी लावीन," मी आत्यांना म्हटलं. "पाणी सुटलं की मोबाइलवर गल्लीच्या ग्रुपमध्ये कळतंच. तुम्ही निवांत पडा."

"बरं," आत्या म्हणाल्या.

पाणी आलं ते भर दुपारी. मी गच्चीवर कुरडया उलटत होते आणि मोबाइल खाली चार्जिंगला. खालून शेजारच्या मुक्ताबाईंचा आवाज आला, "अगं अंकिता, गुरम्माकाकू आज गप का? निम्म्या गल्लीचं पानी गेलं की!" धावत खाली आले. हौद भरून गटारात वाहत होता, टाकी कोरडी, आणि आत्या बोर्डाखाली भिंतीला टेकून बसलेल्या.

माझा पारा चढला. "ऐकू आलं नाही का तुम्हाला?"

"आलं की."

"मग?"

"उटले. हात फिरवला. दोरा घावला न्हाय."

"कसला दोरा?"

"मोटारीच्या खटक्याचा. नजर जाया लागली तवा ह्येनी गिरनीचं सूत बांदलं हुतं. म्हनले, मी नसलो तरी तुजा हात चुकायचा न्हाय."

मला आठवला तो दोरा. तेलकट, काळा पडलेला. दर दिवाळीला मी तो कापायला जायची आणि आत्या माझा हात धरायच्या. त्याच खटक्याची जोडी शोधत मी बाजार पालथे घातले, आणि दोरा त्याच्यावरच होता.

"मग आधी का नाही सांगितलं? आणि नुसती हाक तरी मारायची!"

"तू कवा इचारलं? आन् खटका घावंना, मग वरडू कशाला? आता माजं काम न्हाय त्ये."

हे त्या रागानं बोलल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्या साधं बोलल्या. मला रडूच फुटलं.

तशीच रिक्षा करून एजाजभाईंकडं गेले. त्यांनी नमुना पोत्यात टाकलेला. बिचाऱ्यांनी अख्खं पोतं उपडं केलं. दोरा होता.

"सैल बांदा, खटका पडाया मोकळा पायजे," घरी बोलावलेला आरिफ म्हणाला. त्यानं बोर्डाचं झाकणही काढून दिलं, आतल्या वायरी झाकलेल्याच होत्या. आत्यांच्या बोटांतून दोरा निसटत होता. मी "द्या इकडं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी मोटारीच्या नव्या खटक्याला गाठ मारली, तो वर-खाली केला. "आवाज बारीक हाय ह्येचा," एवढं नाव ठेवलंच.

पुढच्या पाण्याला मी भाजी चिरत होते. ग्रुपवर मेसेज आला, पाणी सोडलं. मी मोबाइल पालथा ठेवला आणि बसून राहिले. आत्या उठल्या. भिंतीवरून हात सरकत गेला, बोर्डावर थांबला. बारीक आवाज झाला आणि मोटार घुमू लागली. मग त्या दारात गेल्या.

"नीरु बंतु!"

मुक्ताबाईंच्या घरात भांडी वाजली. मीही घागर उचलली आणि गल्लीतल्या बाकीच्या बायकांसारखी धावले.