तिळाएवढा तुकडा

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई नाकावर माशी बसू देत नसत. छातीतल्या गाठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की त्या फटकन आजाराचं नाव सांगत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. घमेंड चढायला आणखी काय लागतं?

एक दिवस एका बसचालकाच्या छातीतून सुईने काढलेला तिळाएवढा तुकडा मेणात बसवून आला. त्याचे काप काढणाऱ्या जुन्या ताई म्हणाल्या, "बाई, दोन-चार काप राखून ठेवू या का? पुढे लागले तर?"

"ताई, तुम्ही काप काढा. निदान मी करते."

नेहमीच्या कॅन्सरच्या तपासण्या त्यांनी एकामागून एक लावल्या; प्रत्येकीत एकेक काप खर्ची पडला. एकही जुळेना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हा तो क्वचित दिसणारा, भराभर वाढणारा प्रकार तर नव्हे? तो ओळखायला आणखी एकच तपासणी हवी होती, आणि मेणात आता नुसतं मेणच उरलं होतं. ताईंनी तो रिकामा ठोकळा उचलून ठेवला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

'तुकडा अपुरा. पुन्हा पाठवावा,' असं बाईंनी अहवालात लिहिलं. खापर सुईवर फोडून त्या चहा प्यायला गेल्या.

चार दिवसांनी बसचालक स्वतःच तो कागद घेऊन दारात उभा राहिला.

"मॅडम, चूक माझीच. सुई घातली तेव्हा मी खोकलो. हलू नका म्हणून बजावलं होतं हो मला. या वेळी जीव गेला तरी हलणार नाही. तुकडा केवढा लागतो तेवढं फक्त सांगा."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. असल्या आजारात चार दिवस म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसती मान डोलावली असती तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं. पलीकडे काचा पुसणाऱ्या ताईंचा हात थांबला.

"तुम्ही खोकलात म्हणून नाही," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुकडा पुरेसा होता. मी तो वाया घालवला. ताईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आता ओरडेल म्हणून बाई खाली मान घालून बसल्या.

"मग हे जरा माझ्या बायकोला सांगाल का?" तो म्हणाला. "बाहेर बसलीय. एक खोकला आवरला नाही म्हणून चार दिवस बोलत नाहीये माझ्याशी."

बाई बाहेर गेल्या. डॉक्टर आल्याचं पाहून त्याची बायको अदबीने उठून उभी राहिली.